जबाब चालू असताना बदललेली तारीख

पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो. हे एक मात्र आठवलं की आजही डोकं तापतं.

जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा एक साखर कारखाना. ज्याच्या उसाची लागण आधी त्याची तोड आधी, असा नियम. गावोगावच्या गट कार्यालयांतले क्लार्क आपल्या कॉम्प्युटरवरून मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरला जोडून घेत आणि त्यातच लागणीच्या तारखांच्या नोंदी करत. त्या हंगामात काही नोंदींच्या तारखा परस्पर बदलल्या आणि तोडणीच्या टोळ्या भलत्याच फडात उतरल्या. शेतकरी खवळले. तक्रार दाखल झाली, त्याच दिवशी शेतकी विभागाच्या सुपरवायझरचा मला फोन आला. “साहेब, गट हापिसातली ती क्लार्क बाईच करतीय. समद्या बदलांवर तिचंच नाव हाय.”

नाव खरंच तिचं होतं. महिला हवालदाराला शेजारी बसवून मी तिला तीन दिवस तेच ते विचारलं. तिचंही उत्तर तेच. “साहेब, मी निस्ती नवी नोंद टाकते. जुनी तारीख कुठं बदलत्यात, ते बी मला ठाव न्हाई.” मी विश्वास ठेवला नाही. अटकेचे कागद तयार करायला सांगितले. बाई कंत्राटी, नोकरी तर जाणारच होती.

तिसऱ्या दिवशी जबाब चालू असतानाच कारखान्याच्या कॉम्प्युटरवाल्याचा फोन आला. पाच मिनिटांपूर्वी तिच्याच नावाने आणखी एक तारीख बदलली होती. आणि बाई तासाभरापासून माझ्यासमोर बसलेली!

तडक कारखाना गाठला. बदल कोणत्या मशीनवरून झाला, तेही सर्व्हरवर नोंदलेलं होतं. मशीन सुपरवायझरचं. बाई आज पुन्हा ठाण्यात आहे, याचा त्याला पत्ताच नव्हता; ती कामावर परतली असं तो धरून चालला होता. दोन प्रश्नांत गडी ढेपाळला; मेव्हण्याचा ऊस आधी तोडायचा होता.

तिचा पासवर्ड याला कसा मिळाला? सगळ्या क्लार्कांचे पासवर्ड मुख्य कार्यालयाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेले! कुणी रजेवर गेलं तर काम अडू नये म्हणून. शिवाय कुणीही आत शिरलं की सर्व्हरवरचे सगळेच प्रोग्रॅम उघडत. क्लार्कला तारखा बदलायचा प्रोग्रॅम कशाला दिलास, असं मी कॉम्प्युटरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “आपलीच मान्सं हायेत की, साहेब.” कपाळावर हात मारून घेतला. माझ्यादेखत त्याने क्लार्कला फक्त नव्या नोंदीचा प्रोग्रॅम ठेवला, बाकीचे बंद केले. अर्ध्या तासाचं काम. आधी करायला काय धाड भरली होती?

पण सगळा राग त्याच्यावर काढून कसं चालेल? कोणत्या मशीनवरून, हा एक प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. पडद्यावर नाव दिसलं आणि मी तपास तिथंच थांबवला. ही चूक माझी.

“सुटलात, बाई,” मी तिला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. “दारात पोलिसांची जीप आली तवापास्नं गावात मला चोर म्हनत्यात, साहेब. त्ये कोन बंद करनार?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः तिच्या गावी गेलो आणि चावडीवर उभं राहून ती निर्दोष असल्याचं सांगितलं. ऐकायला चार माणसं होती. तिला न्यायला जीप आली, तेव्हा सगळी आळी जमली होती.