माहेर नसलेल्या गाड्या

"किती देते ते विचारू नका, व्याही. काय देते ते विचारा."

हे म्हणताना आमचे हे गाडी विकणारे स्नेही बॉनेटवर बोटांच्या पेरांनी टकटक करायचे, आपण बाजारात कलिंगड वाजवून बघतो तसं. मग मान तिरकी करून आवाज ऐकायचे आणि स्वतःच समाधानानं हसायचे. समोरच्या गिऱ्हाइकाला त्या आवाजातून काही कळायचं नाही. पण हा गृहस्थ इतका खूश झालाय म्हणजे काहीतरी चांगलंच असणार, असं वाटायचं आणि गाडी तिथेच अर्धी विकली जायची.

मस्कतमधल्या एका मोठ्या शोरूममध्ये ते अमेरिकन गाड्या विकत. त्या गाडीचं नाव मी इथे घेत नाही. ते नाव आता कुठल्याच नव्या गाडीवर दिसत नाही, आणि गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये ही रीत गाड्यांनाही लावायला हरकत नाही.

आमची ओळख मस्कतच्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. आरती होऊन प्रसादाची रांग लागली होती आणि रांगेत माझ्या पुढे उभे राहून ते एका डॉक्टरांना आपल्या कंपनीचा इतिहास सांगत होते. आधी घोडागाड्यांचा कारखाना, मग पहिली मोटार, मग युद्ध लागल्यावर मोटारी सोडून लष्कराची कामं, मग ती मागे पंख फुटलेली लांबच लांब गाडी. कीर्तनकार बुवा पूर्वरंगातून उत्तररंगात शिरतात तसे ते हळूच मूळ मुद्द्यावर आले. "तिकडे ही गाडी कुणी विकत घेत नाही, डॉक्टर. आजोबांची होती म्हणून बाप घेतो, बापाची होती म्हणून मुलगा." डॉक्टरांचे वडील नाशकात सायकलवरून शाळेत शिकवायला जात असत, तरी पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी गाडी घेतली. सांगणारे स्वतः अमेरिकेला कधीच गेले नव्हते. मिरजेहून मुंबई, मुंबईहून मस्कत आणि मस्कतहून फार तर ओमानमधलंच सलाला, एवढाच त्यांचा प्रवास.

गाडी घेतली की माणूस त्यांचा व्याही व्हायचा. गाडी ही त्यांची लेक. ती द्यायच्या दिवशी शोरूमच्या दारात नारळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, सगळं यथासांग. त्यांचा ओमानी मॅनेजर लांबून बघायचा आणि "खलास?" असं विचारून फरशी धुवायला माणूस पाठवायचा. मग दरवर्षी दसऱ्याला सकाळी ते झेंडूचे हार घेऊन घरोघर फिरायचे, प्रत्येक लेकीला हार घालायचे आणि तिचं बरं चाललंय ना ते बघायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा विक्रेता असेल, पण विकलेल्या मालाची दरवर्षी ओटी भरायला येणारा मी तरी हा एकच पाहिला.

मला त्यांनी गाडी विकली ती वादी अदाईतून अमरातला चढणाऱ्या रस्त्यावर. जूनची दुपार होती. चढ असा की आमची जुनी गाडी तिथे एसी बंद केल्याशिवाय हलत नसे. त्यांनी एसी पूर्ण सोडला आणि म्हणाले, "थंडी वाजली तर सांगा हं वहिनी." मेधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, वर पोहोचेपर्यंत ओढणी कानाला गुंडाळली होती. मस्कतमध्ये, जून महिन्यात! तिचा निर्णय झाला म्हणजे माझा झालाच.

आता मालक म्हणून आमचं मत विचाराल तर गाडी राजेशाही होती. पुण्याहून आलेल्या सासूबाई मागे बसल्या आणि म्हणाल्या, "हा तर दिवाणखाना आहे. फक्त टीपॉय हवा." आमचा मुलगा म्हणाला, "बाबा, इट्स लाइक अ बोट." मराठीत सांग म्हटल्यावर बराच विचार करून म्हणाला, "मोठी... होडी आहे." होडी पेट्रोलवर मात्र फार जीव टाकायची. अल् घुब्राच्या पंपावरचा माणूस मला घरचं सगळं विचारू लागला, इतक्या आमच्या भेटी. आमच्या बिल्डिंगमध्ये एकापाठोपाठ इतक्या जणांनी तीच गाडी घेतली की वॉचमनला त्या एखाद्या कंपनीच्या गाड्या वाटायच्या.

आमचे हे स्नेही स्वतः मात्र एक छोटीशी जपानी गाडी चालवत आणि ती शोरूमच्या मागच्या गल्लीत लावत. मेधाच्या ते एकदा नजरेस पडलं. तिनं विचारल्यावर जराही न गडबडता म्हणाले, "वहिनी, लेक सासरी द्यायची असते. घरात ठेवली तर लोक काय म्हणतील?" लेकीच्या घरी बापानं जेवू नये, पाणीसुद्धा पिऊ नये, ही जुनी रीतही ते सांगायचे. आमच्याकडे दसऱ्याच्या श्रीखंडापुरती ती रीत ते बाजूला ठेवत.

परबला त्यांच्याकडे मी नेलं. परब आमच्या कंपनीतला इलेक्ट्रिकल फोरमन, कुडाळकडचा. वादी अदाईत एका खोलीत चौघांबरोबर राहून त्यानं वर्षं काढली होती, आणि आता त्याला फॅमिली व्हिसा मिळाला होता. बायको आणि लहान मुलगी पहिल्यांदाच मस्कतला येणार होत्या. त्यांना विमानतळावरून स्वतःच्या गाडीतून घरी आणायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. त्याला खरं तर सेकंड हँड जपानी गाडी हवी होती. पण ह्यांनी घोडागाडीपासून सुरुवात केली आणि परब तोंड उघडं टाकून ऐकत बसला. त्याच्या घराण्यातली ती पहिली गाडी.

गाडी द्यायच्या दिवशी मी होतो. नारळ, हळदकुंकू, सगळं झालं. परबनं चावी कपाळाला लावली. त्या दिवशी ह्यांनी बॉनेट वाजवून दाखवलं नाही, एवढंच मला जरा चुकल्यासारखं वाटलं.

थोड्याच दिवसांत बातमी आली की अमेरिकेत कंपनीनं त्या नावाच्या गाड्या काढणं कायमचं बंद केलंय. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सुतक पडलं. ह्यांना शोरूमनं जपानी गाड्यांच्या मजल्यावर बसवलं. पण ते आधी एकेका व्याह्याच्या घरी गेले. दारातच उभे राहून म्हणायचे, "माहेर बंद झालं, व्याही. पण मी आहे." लोक काही गोड बोलले नाहीत. पुढच्या गणपतीत त्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय, आता काय विकताय? रणगाडे?" सगळे हसले. हे मान खाली घालून प्रसादाचा द्रोण धरून उभे राहिले. मीही थोडा हसलो होतो.

हळूहळू एकेकानं गाडी काढून टाकली. मीही. माझी जपानी गाडी त्यांच्याच हातून घेतली, पण तिच्यापुढे त्यांनी नारळ फोडला नाही. "ह्या स्थळाचा मी नुसता मध्यस्थ," म्हणाले. शेवटी त्यांच्या लेकींपैकी परबची तेवढी उरली. विक म्हटलं की परब म्हणायचा, "काकांनी दिलेली आसा."

मग एका उन्हाळ्यात परबच्या गाडीचा एसी गेला. कॉम्प्रेसर मस्कतमध्ये मिळेना. हे सुट्टी टाकून बसनं शारजाला गेले, तिथल्या भंगारबाजारात ऊन डोक्यावर घेऊन हिंडले आणि जुना पण चालता कॉम्प्रेसर टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन परत आले. बॉर्डरवर तो दोनदा सोडून दाखवावा लागला. वादी अदाईत परबच्या बिल्डिंगखाली माझ्यासमोर गाडी दुरुस्त झाली, आतून गार वारा आला, आणि परब सरळ त्यांच्या पाया पडायला वाकला. हे एकदम मागे सरकले, पाठ भिंतीला टेकेपर्यंत.

"काकानू, चाय घेवन येतंय," म्हणून परब वर गेला.

"मी घेत नाही हो, लेकीचं घर," ह्यांनी ओरडून सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "रीत वगैरे काही नाही, व्याही. ह्याच्या घरचं पाणी मला गिळवत नाही."

"का?"

"सोमवारी शोरूमला कळवलं होतं कंपनीनं. बंद होणार म्हणून. आम्हाला सांगितलं, जाहीर होईपर्यंत बोलायचं नाही. ह्याला गाडी दिली बुधवारी." टॉवेलाला लागलेलं काळं ते पुसत होते, म्हणजे जास्तच पसरवत होते. "अक्षता पडल्यावर कळलं असतं तर गोष्ट वेगळी. पण दोन दिवस हातात होते. मोडता आलं असतं. मी नारळ फोडला."

"आता सांगून काय होणार?" मी म्हटलं. "तो सुखात आहे."

"सुखात आहे, तेच मला खातं."

त्यांनी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. दसऱ्याला हार घेऊन ते मुद्दाम मला बरोबर न्यायचे. जिना चढताना म्हणायचे, "आज बोलतो." दार उघडायचं आणि परब बायकोला हाक मारायचा, "अगो, काका इले! देवमाणूस इलो!" मुलगी धावत येऊन नमस्कार करायची. ह्यांचा चेहरा पडायचा. हार घालून, पाणीही न पिता, आम्ही खाली यायचो. परबला वाटायचं, काका रीत पाळतात.

मी कधी त्यांना ढकललं नाही. त्यांची घालमेल बघून वाईट वाटायचं, आणि आपल्यावर ही वेळ नाही आली हे बरं, असंही वाटायचं. परबला त्या शोरूममध्ये नेणारा मी होतो, हे तेव्हा मी सोयीनं विसरायचो.

निवृत्त होऊन ते मिरजेला परत निघाले तेव्हा परब ऐकेना. विमानतळावर आपल्याच गाडीनं सोडणार म्हणाला. मी मागे बसलो. सगळ्या रस्त्यात ते पुढच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसले होते. परब ट्रॉली आणायला गेला तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. "माझ्यानं झालं नाही, व्याही. तुम्ही सांगा. मी गेल्यावर सांगा." मी "सांगतो" म्हटलं. नाही म्हणायला वेळच नव्हता.

मी सांगितलं नाही. दर दसऱ्याला सकाळी परब हार घालून त्यांना मिरजेला फोन लावायचा, मोबाइल बॉनेटजवळ धरायचा आणि मुलीला गाडी सुरू करायला सांगायचा. "ऐकतास मा, काकानू?" इंजिन घरघरायचं. पलीकडे ते ऐकत असायचे. एकदा मी तिथे होतो. स्पीकरवरून त्यांचा आवाज आला, "छान आहे. सुखी आहे." आणि फोन कट झाला.

या वर्षी गाडी मुल्कियाच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या, तपासणीत दोनदा नापास झाली. गाड्यांच्या रांगेच्या बाजूला पत्र्याच्या सावलीत परब आणि मी उभे होतो. काढून टाक, मी म्हटलं. तो म्हणाला, पुन्हा शारजाला जाईन, इंजिन बदलीन, पण काढणार नाही. "मस्कतात सगळ्यांनी माका गंडवल्यानी. एका काकांनी नाय. तेंची गाडी मी भंगारात कशी घालू?" मुलीच्या कॉलेजचं वर्ष तोंडावर आलेलं, आणि हा इंजिन बदलायला निघालेला. मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. सोमवार, बुधवार, पाणी, सगळं.

परब चिडेल, शिव्या घालेल, अशी मी मनाची तयारी केली होती.

"तुमी ह्या माका कित्याक सांगितलास?" तो म्हणाला. "गाडी म्हातारी झाली, गेली असती. माणूस तरी रवलो असतो. आता दसऱ्याक मी तेंका फोन कसो करू?"

मी म्हटलं, त्यांनीच सांगा म्हणून सांगितलं होतं.

"तेंका सुटका होयी होती," परब म्हणाला. "तुमका पण." आणि खिडकीवर नंबर पुकारला तसा तो निघून गेला.

दसऱ्याच्या दिवशी दुपार व्हायला आली तेव्हा माझा फोन वाजला. मिरजेहून.

"शुभेच्छा, व्याही. परबांचा फोन आला नाही अजून. गाडी बरी आहे ना?"

मला पटकन खोटं सुचलं नाही. त्या गप्प राहण्यातूनच त्यांना कळलं.

"सांगितलंत."

"हो."

"बरं केलंत," ते म्हणाले. "फार बरं केलंत. मीच सांगितलं होतं ना तुम्हाला." त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडे ताटं मांडल्याचे आवाज येत होते. कुणीतरी त्यांना म्हणालं, अहो, सगळे खोळंबलेत, चला जेवायला.

"तुम्ही बसा," ते म्हणाले. "मला एक फोन यायचाय अजून."