विकतचं तण

सर्जामामांमुळे माझं काम टिकलं. ते या बंगल्याचे जुने माळी. मी सातवीतून शाळा सोडलेली, लांबच्या गावाहून त्यांच्या हाताखाली आलेली. पहिल्याच आठवड्यात मी कुंपणालगतचं कुसळी गवत तण समजून मुळासकट उपटलं. बंगल्याच्या मालकीणबाईंनी ते नर्सरीतून आणून लावलं होतं, बाग रानासारखी दिसावी म्हणून.

"कुणी उपटलं हे?"

"मीच सांगितलं तिला," मामा म्हणाले आणि सगळी बोलणी खाली मानेनं ऐकून घेतली. मग मला हळूच म्हणाले, "पोरी, इथं तणालाही मालक असतो."

गावाकडं हेच गवत खुरपून आईची कंबर गेली. इथं ते पुन्हा आणून लावलं, त्याला ठिबकचं पाणी मिळतं. शेजारच्या बंगल्यात प्लास्टिकची हिरवळ रोज पुसतात. ती निदान खोटी म्हणून ओळखू येते.

मामांवर कधी अशी पाळी आली, तर पुढं होऊन मी म्हणेन, चूक माझी आहे.