सोबत आलेल्याने बोलायचं

मावशी मंगळवारी सकाळी गेली. इंग्लंडमधल्या आमच्या घराच्या जिन्यात. त्याच्या पाच दिवस आधी मी तिला डॉक्टरकडे नेलं होतं.

ती माझ्या आईची बहीण. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. पण आमच्या गावी, बेडशात, तिला सगळेच मावशी म्हणत, कारण कुणाचं दुखलंखुपलं की जीपमध्ये बसून पवनानगरच्या दवाखान्यात सोबत जायची ती तीच. या कामात तिचा एक नियम होता. "ज्याचं दुखतंय त्यानं बोलायचं न्हाई. त्यो लाजून कमीच सांगतोय. संगं आल्यालं माणूस मग कशाला असतंय?"

ती बोलायची, आणि पदरची भर घालून बोलायची. एकदा शेजारच्या भाऊंना घेऊन गेली आणि दोन दिवस त्यांच्या पोटात अन्नाचा कण नाही, असं ठोकून दिलं. डॉक्टर म्हणाले, "मावशी, यांच्या मिशीला वड्याची चटणी लागलीय." मावशी म्हणाली, "ती परवाची हाय." डॉक्टर हसले. पण भाऊंना त्यांनी आडवं करून नीट तपासलं. तिला तेवढंच हवं असायचं.

मी कॉलेजात होतो तेव्हा माझं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी विचारलं, मी 'थोडंसं' म्हणालो. मावशीने सरळ माझ्या तोंडावर हात ठेवला. "गप. तू आजारी हायस, तुला काय कळतंय?" मग रात्रभर मी गडबडा लोळलो, अशी हकिकत तिने सांगितली. लोळलो नव्हतो. पण अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं आणि संध्याकाळी माझं ऑपरेशन झालं. मी जगलो तो तिच्या त्या खोटेपणामुळे.

आमची मुलगी झाली तेव्हा ती इंग्लंडला आली. महिनाभराने जिना चढताना मध्येच थांबू लागली. कणीक मळता मळता हात परातीत तसाच ठेवून श्वास घ्यायची. हे मी पाहत होतो.

खांदा दुखतोय म्हणाली तेव्हा मी तिला दवाखान्यात नेलं. दहा मिनिटं मिळाली. एका भेटीत एकच तक्रार, अशी पाटी भिंतीवर होती. डॉक्टरने संगणकाच्या पडद्यावरची नजर काढली नाही आणि विचारलं, दुखणं एक ते दहामध्ये किती? मी ते मराठीत सांगितलं. मावशी माझ्याकडे बघत बसली. मी पुन्हा विचारलं. मग ती म्हणाली, "दोन सांग." मी दोन सांगितलं. खांदा आखडलाय, असं म्हणून त्याने दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या. तिच्या छातीला त्याने नळी लावली नाही. जिन्याचं त्याने विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "तू काय बोलला न्हाईस?" इथे रोग्याचाच शब्द धरतात, मध्ये बोललेलं चालत नाही, असं मी तिला समजावलं. फार शहाण्यासारखं समजावलं.

"मग तू कशाला आलतास?" ती म्हणाली. आणि घरी येईपर्यंत गाडीच्या खिडकीबाहेर बघत राहिली.

तिचं हृदय थकलं होतं, हे नंतर कळलं. गावाकडून फोन आले. आयुष्य तेवढंच होतं, असं जो तो म्हणाला. दोघातिघांचे फोन मी मध्येच ठेवून दिले. त्या दवाखान्याला मी पाच पानी पत्र लिहिलं. ती पाटी, तो पडदा, ती दहा मिनिटं, काही सोडलं नाही. इतकं सविस्तर, इतकं जोर देऊन मी आयुष्यात कुणासाठी बोललो नव्हतो. बोलायची जागा ती नव्हती.

उत्तर आलं. सभ्य, एका पानाचं. झाल्या गोष्टीचं दुःख आहे. मात्र त्या दिवशी वेदना दोन असल्याचं सोबतच्या नातेवाइकाने सांगितल्याची नोंद आहे.

ते पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. नोंद बरोबर आहे.