नकाशातली निळी रेघ

मंडळी, आज अण्णांना, म्हणजे वडिलांना, लॅपटॉपवर साठच्या दशकातला बेंगळुरूचा सर्व्हेचा नकाशा दाखवला. म्हटलं, चामराजपेटेतलं आपलं घर शोधू.

ते घराकडे बघेचनात. म्हैसूर रोडजवळच्या निळ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "स्वल्प मोठं कर. ही आमची वृषभावती नदी. अक्का इथे धुणं धुवायची. मी वाळूत हातभर खड्डा करायचो, की प्यायचं पाणी लागायचं."

मी रोज तिथूनच ऑफिसला जातो. त्या नदीचा आता नाला झालाय; त्याचा वास आला की गाडीची काच वर करतो.

"तुला एकदा न्यायचं राहूनच गेलं रे," अण्णा म्हणाले.

उद्या त्यांनाच तिथे न्यायचं म्हणतोय. सांगा, काच वर करू की खालीच ठेवू?