लिंबाचा पाला कडूच लागला

बहात्तरच्या दुष्काळात खर्ड्याकडच्या आमच्या गावातली बहुतेक घरं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. तिथे ढिगाला हात घालण्याआधी हातोड्याच्या दांड्याने तो हलवून घ्यायची सवय सर्वांना लागली होती. दगडांखाली विंचू असत, कधी साप. घरी मात्र ही काळजी कोणी घेत नसे. गोवऱ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून रचलेल्या असत आणि बायका न बघताच त्यांत हात घालत.

माझ्या थोरल्या वहिनीला तिथेच साप चावला. दुपारची वेळ होती; भाकरीचं पीठ काढून ती गोवऱ्या घ्यायला आली होती. बोटावर दोन टिपके, थोडी सूज. साप कोणाला नीट दिसला नाही. आईने रीतीप्रमाणे कडुलिंबाचा पाला चावायला दिला. विष चढलं असेल तर पाला गोड लागतो, असा गावाचा भरवसा होता.

"कडूच हाय," वहिनी म्हणाली.

अंगणातल्या सगळ्यांनी श्वास सोडला. शेजारणी परतल्या. भावाने विडी पेटवली. आईने चहा टाकला. कपबशी घेऊन ती गेली, तेव्हा वहिनी मान मागे टाकून तिच्याकडे बघत होती; पापण्या उचलत नव्हत्या. झोप येतेय का, असं आईने विचारलं. वहिनी नाही म्हणाली, पण तो शब्दही जड आला. भावाचं म्हणणं, पाला कडू लागलाय, तेव्हा घटकाभर मारुतीपुढे बसवू.

"पाल्याचं मला सांगू नगंस," आई म्हणाली. "डोळं बघ तिचं. ट्रक अडव."

खडी टाकून रिकामा ट्रक जामखेडला निघाला होता. वहिनीला त्यात कुशीवर निजवलं, हात हलू दिला नाही. दवाखान्यात सापाच्या विषावरची लस होती, ती लगेच टोचली. नाग असावा, डॉक्टर म्हणाले. पाल्याच्या चवीवरून विष कळत नाही, असंही त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी वहिनीने डोळे पूर्ण उघडले आणि पीठ कोणी झाकलं का, ते विचारलं.

ती घरी आली तोवर आईने गोवऱ्या अंगणाच्या पार टोकाला नेल्या होत्या. शेजारी काठी टेकवलेली होती.

"आत्याबाई, पाला गोड लागला असता तर च्या मिळाला नसता," वहिनी म्हणाली.

"पेलीस तरी कुठं," आई म्हणाली, आणि काठीने ढीग हलवून चुलीसाठी गोवऱ्या काढू लागली.