कॅप्टनचं शेवटचं वाक्य

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहाच्या निमित्तानं उठून जाणारा मी माणूस. आमच्या स्टुडिओत परग्रहावरचे प्राणी जन्माला येतात आणि त्यांना शेपट्या मीच बसवतो... त्यामुळे घाबरायला सवड नसते. तरीही हे लिहितोय, कारण ते माझ्यासमोर घडलं - आणि तेही भर दुपारी.

गंगाखेडला सरकी-पेंडीच्या दुकानावर आमची एक खोली आहे. मी चित्रं हलवतो, माझा जोडीदार अशपाक आवाज सांभाळतो. सायन्स फिक्शन अ‍ॅनिमेशन फिल्मचे टीझर करतो आम्ही. म्हणजे मिनिटभरात बघणाऱ्याला अख्ख्या फिल्मची भूक लावायची. आधी कच्ची चित्रं ओळीनं लावायची, त्यावर आवाज बसवायचा, मग त्या आवाजाच्या मापानं पात्रांची तोंडं हलवायची. यानाचं इंजिन म्हणून आम्ही पिठाची गिरणी रेकॉर्ड करून संथ केली आहे. अजून कुणाला ओळखू आलेली नाही.

मागच्या टीझरमध्ये एक म्हातारा कॅप्टन बायकोचा निरोप घेऊन कायमचा निघतो. त्याच्या आवाजासाठी मी सोनपेठहून माझ्या मामाला बोलावलं. मामा एसटीत कंडक्टर होता. रिटायर झाला तरी आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा. आल्या आल्या म्हणाला, "यान सुटायच्या आधी डबल बेल मारायची का रं?"

शेवटचं वाक्य होतं, "दार लावून घे. जातो मी." तिथं मामा अडला. खाली चहाच्या टपरीवर आमची चांगलीच जुंपली.

"घरातून निघताना जातो म्हनत्यात का कुठं? येतो म्हन."

"मामा, तो परत येणारच नाही. तीच तर गंमत आहे."

"कशाची गंमत ती," म्हणत तो वर आला, एकदाच "जातो मी" बोलला आणि दुसऱ्यांदा बोलायला साफ नकार दिला. एकच टेक. 'येतो' हा शब्द त्यानं माइकसमोर उच्चारलाच नाही.

पुढच्याच महिन्यात मामा गेला. छातीत दुखायलंय म्हणून सकाळीच परभणीच्या बसमध्ये बसला. मामी शेतात कापूस वेचायला गेली होती. तिला काळजी नको म्हणून न सांगताच निघाला... आणि परत आला नाही. मामी रडायची नाही, एवढंच घोकत बसायची, "उभा जलम डूटीला जाताना येतो म्हनले. त्या दिशी तेवढं न्हाई म्हनले."

टीझर तयार झाल्यावर ती धपाटे बांधून घेऊन आली. तिला आवाज ऐकायचा होता. ज्या एका शब्दासाठी ती झुरत होती, नेमक्या त्याच जागी तिला मामाच्या तोंडून 'जातो' ऐकू येणार होतं. अशपाकला बाजूला घेऊन सांगितलं, शेवटच्या वाक्याआधी बंद कर. तो म्हणाला, "फिकर नको."

टीझर सुरू झाला. मामाचा आवाज खोलीत आला आणि मामीनं शेजारी बसलेल्या अशपाकचा माउसवरचा हात गच्च धरला. त्याला तो सोडवून घेववेना. मी मान खाली घातली.

"दार लावून घे. येतो मी."

"या बरं," मामी म्हणाली... अगदी सवयीनं, घरात काम करता करता म्हणावं तसं. मग तिनं पदर डोळ्यांना लावला. मामा गेल्यापासून पहिल्यांदाच ती पोटभर रडली. मीही रडलो, लपवत नाही.

ती गेल्यावर आम्ही मूळ रेकॉर्डिंग लावलं. 'जातो.' तयार टीझर लावला. 'येतो.' कॅप्टनचं तोंड 'जा'साठी उघडतं आणि ऐकू येतं 'ये'. अशपाकनं सगळ्या फायली उलट्यापालट्या केल्या. मी त्याच फायलींतून टीझर नव्यानं काढला, तर त्यात पुन्हा 'जातो'च. शेवटी आम्ही पहिलाच पाठवला. तोंड जुळत नाही म्हणून लोकांनी टोकलंही.

परवा न राहवून मामीला खरं सांगितलं, की आम्ही तिथं 'जातो' लिहिलं होतं आणि मामा तसंच बोलला होता. ती शेंगा फोडत होती. मान वर न करताच म्हणाली,

"कायबी बोलायलास. ते कवा जातो म्हनलेत?"