धामणीचं पिल्लू आणि इंद्रभानचा उपास

वरवट बकालच्या इंद्रभानला एक खोड होती. घरच्या जनावरांनी खाल्ल्याशिवाय तो जेवत नसे. बैल, गाय, म्हैस, शेळी, सगळ्यांची तोंडं हलायला लागली की मग याचं ताट. वांगी-मिरच्यांचा मळा, सातवीपर्यंतची शाळा आणि ही खोड, एवढंच त्याच्याविषयी गावाला ठाऊक होतं.

सन त्रेसष्टच्या भादव्यात उकिरडा उपसताना त्याला धामणीची अंडी सापडली. एक फुटलेलं होतं. त्यातलं पिल्लू हातभर लांब, पेन्सिलीएवढं बारीक. घरी कणगीतली ज्वारी उंदीर फस्त करत होते. मोठं झालं की उंदीर धरेल, म्हणून इंद्रभाननं ते मडक्यात घातलं, तोंडाला फडकं बांधलं आणि घरी आणलं. आणलं म्हणजे ते घरचं जनावर झालं. घोळ तिथंच झाला. पिल्लू काही खाईना.

चौथ्या दिवशी निवृत्ती आला. हा त्याचा शाळेतला दोस्त. नागपूरला मराठी घेऊन बी.ए. झालेला, नोकरीची वाट पाहणारा, आणि खरं सांगायचं तर वांग्याच्या भाजीसाठी चार मैल चिखल तुडवत आलेला.

दारातच इंद्रभानची बायको रुखमाबाई म्हणाली, "भाऊजी, तुमीच सांगा याह्यले. तीन दिवसापासून नुसत्या चहावर हायेत."

"काऊन?"

"सापानं खाल्लं नाही म्हणून."

निवृत्ती थक्क झाला. नऊ रस त्याला पाठ होते. हा प्रसंग कशात घालावा ते कळेना. शिवाय यजमान उपाशी, तर पाहुणा कसा जेवणार?

"तू बी.ए. हायेस बे," इंद्रभान खोल गेलेल्या आवाजात म्हणाला. "सांग, हे दूध काऊन पेत नाही? धामण तं गाईचे पाय आवळून दूध पेते म्हणतात. हे मेलं तं मले पाप लागन."

माहीत नाही म्हणणं पदवीला शोभलं नसतं. निवृत्तीनं विचारलं, "दूध कोणाचं?"

"म्हशीचं."

"जड पडत असन."

गाईचं आणलं. कोमट केलं. मग निवृत्तीनंच कापसाची वात दुधात बुडवून पिल्लाच्या तोंडाशी धरली. चेहऱ्यावर आईची माया आणली होती. पिल्लानं तोंड वासून झडप घातली आणि निवृत्ती मागच्या मागे मिरच्यांच्या टोपलीत बसला.

रुखमाबाई तोंडाला पदर लावून कणगीकडे गेली. कणगीखालून तिनं चिंध्यांचा बोळा काढला. आत उंदराची पिल्लं, गुलाबी, डोळे न उघडलेली.

"घरात हे असताना दूध काय पाजून राह्यले दोघं?"

तिनं एक पिल्लू मडक्यात सोडलं, फडकं बांधलं. "आता बाहेर बसा. असं वाकून पाह्यलं तं मलेबी घास जानार नाही."

दोघं ओट्यावर बसले. तासाभरानं फडकं सोडलं. मडक्यात साप एकटाच होता, मधोमध फुगलेला.

"ताट वाढ," इंद्रभान म्हणाला.

हे पाहून आपल्याला अन्न जाणार नाही, असं निवृत्तीला वाटलं. आपण हळव्या मनाचे आहोत, असं त्याचं फार दिवसांपासून मत होतं. तो चार भाकरी जेवला.

चिखलामुळे मुक्काम पडला. सकाळी इंद्रभाननं उंदराचं दुसरं पिल्लू मडक्यात सोडलं. सापानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. इंद्रभाननं ताट बाजूला सारलं.

"ते आठ दिवसानं खाईन," रुखमाबाई म्हणाली. "तुमीबी आठ दिवसानं जेवान का?"

निवृत्तीनं सुरक्षित अंतरावरून मडक्यात डोकावून पाहिलं.

"त्याचं पोट पाह्य," तो म्हणाला. "कालचंच अजून जिरलं नाही. जेवून बसला हाये तो."

इंद्रभाननं बराच वेळ तो फुगवटा न्याहाळला. मग उंदराचं पिल्लू बाहेर काढलं, फडकं बांधलं, हात धुतले आणि भाकरी मोडली.

बी.ए. झाल्यापासून निवृत्तीच्या बोलण्याचा कोणाला झालेला हा पहिलाच उपयोग.